पांढर म्हणजे वस्ती

१० एप्रिल १९८३

मुगळवाडीच्या बंधूंनो आणि भगिनींनो! गेल्या ऑगस्टात आपल्याला जिल्हा मिळाला, पण पाणी मिळालं नाही. लातूर जिल्हा झालाच पाहिजे म्हणून आपण घसे फोडले, शिरूर अनंतपाळच्या बाजारात घोषणा दिल्या, आणि जिल्हा झाला त्याच वर्षी पाऊस पाठ फिरवून गेला. टँकर मागायला जावं तर जुन्या जिल्ह्यात सांगतात, तुमचे कागद नव्याकडे गेले. नव्यात सांगतात, अजून आले नाहीत. आपण तहानेनं मरायचं ते कोणत्या जिल्ह्यात, एवढं तरी कुणी सांगावं!

हे भाषण आज पारावर व्हायचं होतं. झालं नाही, म्हणून इथे उतरवून ठेवतो. मी उभा राहिलो तोच सरपंच हणमंतराव म्हणाले, "चंद्रप्पा, बस की जरा. आधी कामाचं बोलू दे." कामाचं म्हणजे काय, तर गाव उठवायचं! डांबरी रस्त्याकडेला त्यांची पडीक जमीन आहे, तिथल्या बोअरला पाणी आहे. आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मुहूर्तावर पाया घालायचा आणि तिकडे राहायला जायचं. मी विचारलं, तिथे निम्मी घरंसुद्धा मावत नाहीत, बाकीच्यांनी काय करायचं? हणमंतराव खाली बघून म्हणाले, "ज्याचं त्यानं बघावं. मी काय जमीन ताणून वाढवू?"

बाकीचे म्हणजे गवंडी पाशामियाँ आणि त्याची गल्ली, बौद्धवाडा, एकटी राहणारी दानम्मा. ते निजामाबादेला जातील, हैदराबादेला जातील, फुटपाथवर निजतील. गाव मोडेल. आणि मला बोलू दिलं नाही.

घरी आलो तर बायको, उमा, म्हणाली, "जेवा आता. भिंतीला लई ऐकवलंत."

१२ एप्रिल

आज बोललो. कुणाला विचारलं नाही, सरळ पारावर चढलो.

विषय घेतला एका शब्दाचा : पांढरा. म्हणालो, हा शब्द तुम्ही रोज तोंडात घेता, कधी त्याला त्याचं गाव विचारलंत का? मूळ संस्कृत पाण्डुर. पण तो दुधाचा पांढरा नव्हे. त्याला संस्कृतात धवल होता, श्वेत होता. पाण्डुर म्हणजे फिकट, पिवळसर, रक्त आटलेल्या चेहऱ्यासारखा, राखेच्या जातीचा रंग. आपल्या पूर्वजांनी धवल आणि श्वेत पोथीत ठेवले आणि हा राखेचा शब्द घरात घेतला. शेताला काळी म्हटलं, राहत्या जागेला पांढरी म्हटलं. का? पिढ्यान्‌पिढ्या चुली पेटल्या, राख मातीत मिसळली, भिंती पडल्या, पुन्हा उठल्या आणि मातीचा रंग पालटला. काळीला देवानं काळी केलं, पांढरीला माणसानं पांढरी केलं! पांढर म्हणजे वस्ती. ओढ्यापलीकडे जी जुनी पांढर आहे तिथे १९१८ सालच्या मानमोडीच्या साथीपर्यंत आपलंच गाव होतं. ते लोक काय दव चाटून जगले? तिथे आड असलाच पाहिजे!

टाळी पडणार असं वाटलं, तेवढ्यात हणमंतराव उठले.

"चंद्रप्पा, तुझ्या माळवदावर काय हाय?"

"पांढरी माती."

"कशापायी?"

"गळू नये म्हणून."

"म्हंजी तिच्यातनं थेंब खाली जात न्हाई. मग जिच्यातनं थेंब उतरत न्हाई, तिच्याखाली पाणी कुठनं येणार रे?"

सगळा पार हसला. साठ वर्षं हे गाव त्या पांढरीतून पाट्या भरून माती आणतं, छतावर घालतं आणि हाच हिशोब मनात धरून बसलेलं आहे. माझ्या अंगाचा भडका उडाला. मी म्हणालो, आखितीच्या आत त्या पांढरीत आड शोधून दाखवीन. नाही सापडला तर या पारावर पुन्हा तोंड उघडणार नाही. जन्मात भाषण करणार नाही!

या वाक्याला मात्र अशी टाळी पडली की पिंपळावरची पाखरं उडाली. माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी टाळी. लोकांना माझ्या निश्चयाचं कौतुक आहे.

१६ एप्रिल

दुकानाला कुलूप लावून पांढरीवर गेलो. कापडाला तसंही गिऱ्हाईक नाही. बरोबर पाशामियाँ आणि बौद्धवाड्यातले चौघे. मी नीट विचार करून टेकाडाचा सर्वांत उंच भाग निवडला. गावाचा मान तिथे, पाटलाचं घर तिथे, म्हणजे आडही तिथेच.

निघाल्या त्या खापऱ्या, काचेच्या बांगड्यांचे तुकडे, चुलीची राख, एक फुटका पाटा. मी प्रत्येक खापरी हातात घेऊन बोललो.

पाशामियाँ म्हणाला, "चंद्रप्पाभाई, तकरीर चांगली हाय. पर तकरीरनं खड्डा होत न्हाई. जरा टिकाव मारो."

२३ एप्रिल

काही नाही. पुरुषभर खणलं, खाली मुरूम लागला. हाताची सालटी निघाली. एकेक माणूस गळाला. बौद्धवाड्यातल्या दोघांनी सांगितलं की पंधरवडाभर वाट बघून ते हैदराबादेला निघतील. मी त्यांना थांबा म्हणालो नाही. कोणत्या तोंडानं म्हणणार?

खरं लिहायचं तर मला भीती वाटते आहे. आयुष्यभर पुस्तकं वाचली, त्यांतलं उचलून पारावर फेकलं, लोकांनी ऐकलं. शब्द फेकून जमीन उघडत नाही. आणि बोलायचं बंद झालं तर मी उरतो काय? एक कापडवाला, तोही गिऱ्हाईक नसलेला.

२६ एप्रिल

टँकर आला नाही. घरात दोन घागरी होत्या, त्यांतली एक उमानं दानम्माच्या रांजणात ओतली. मी ओरडलो. ती म्हणाली, "तिच्याकडं कोण ओतणार? आन्‌ आपल्याकडं न्हाई आलं तर ती ओतंल." मी म्हणालो, तिच्याकडे आहे काय ओतायला? त्यावर ती फक्त हसली. बायकांना व्यवहार कळत नाही.

३० एप्रिल

दानम्मा आली होती. लग्न होऊन या गावात आली त्याच वर्षी नवरा गेला, तेव्हापासून तिला पांढऱ्या पायाची म्हणतात. शुभकार्यात कुणी बोलवत नाही. मी म्हणालो, "बघ दानम्मा, शब्द काय पण भोगतात! वस्तीला पांढरी म्हणतो तो मायेनं, आणि तोच शब्द बाईच्या पायाला लावला की शिवी."

ती म्हणाली, "शब्द न्हाई भोगत बाबा. मी भोगते."

मी तिला बसायला पाट दिला. 

तिच्या सासूनं तिला जुन्या गावाबद्दल काय सांगितलं होतं, ते विचारलं. ती म्हणाली, साथीत माणसं मरू लागली तेव्हा गाव उठलं. निघताना म्हाताऱ्यांनी आड "झाकला". झाकला म्हणजे बुजवला का? "ते म्या न्हाई इचारलं. सासू झाकला म्हनायची."

रात्रीचं जेवण झाल्यावर उमाला विचारलं, तुमच्या माहेरी, देगलूरला, पांढऱ्या मातीला काय म्हणतात? ती म्हणाली, तेलुगू बायका पाटी मन्नु म्हणतात. जुन्या घरांच्या जागेची माती. त्यात रंगाचं नावच नाही! आपण रंग पाहिला, त्यांनी घर पाहिलं. दोन्ही भाषा एकाच टेकाडाकडे बोट दाखवतात. पण टेकाडावर नेमकं कुठे, हे कोणतीच भाषा सांगत नाही.

५ मे

आज आमचं भांडण झालं आणि त्या भांडणातून जे निघालं ते मोठ्या अक्षरात लिहायला हवं.

उमानं सकाळपासून माळवदावर नवी माती घालायचा हट्ट धरला. मी म्हणालो, थेंब पडत नाही आणि तू गळती बंद करतेस?

"पाऊस येनार हाय म्हनून तर घालायची. न्हाई येनार म्हनून कुनी छत करतं का?"

 मी टेकाडावरच्या आमच्या खड्ड्याजवळची माती पाटीत भरून आणली आणि चाळायला बसलो. चाळण खापऱ्यांनी भरून गेली. हात दुखायला लागले. उमा तिची पाटी घेऊन आली, तिनं न चाळताच ओतली.

"चाळ की!"

"माझी माती चाळाय लागत न्हाई. खडा नसतोय तिच्यात."

मी हात घालून पाहिलं. पिठासारखी. एक खापरी नाही, एक कोळसा नाही. कुठून आणलीस, म्हणालो. ती हळूच म्हणाली, "टेकाडाच्या खालच्या अंगाला, बाभळीपाशी. चार वर्सं मी तिथूनच आनते. कुनाला सांगू नका. समद्या बाया तिथंच येतील."

मी चाळण टाकून उभा राहिलो. अहो, वस्तीच्या मातीत खापरी नाही असं होईलच कसं? माणूस राहिला की भांडं फुटणार, बांगडी फुटणार. खापरी नाही म्हणजे ती कुणीतरी चाळून काढली! आणि माती चाळून घालतात ती एकाच जागी.

मी उमाला म्हणालो, "तू चार वर्षं छतावरची माती आणतेस."

ती म्हणाली, "छतावर घालायला आनते."

"छतावर घालायला नव्हे. छतावरची!"

६ मे

पाशामियाँला घेऊन बाभळीपाशी गेलो. साठ वर्षं माळवदं घालणाऱ्या घराण्यातला माणूस. त्यानं माती चिमटीत घेतली, चोळली, तिथेच मांडी घालून बसला.

"आड बुजवायचा असता तर दगड टाकले असते, झाडं टाकली असती. माती छानके कौन बुजवता? ये तो छत हाय, भाई. आडावर माळवद घातलंय."

मग एकदम उठला आणि मला दंडाला धरून मागे ओढलं. "आपुन छतपर खडे हैं! लाकूड सडलं असंल तर दोघं बी आत."

बुजवला नाही, झाकला. त्या लोकांना परत यायचं होतं. साथ ओसरल्यावर येऊ म्हणून त्यांनी आपल्या पाण्यावर घरासारखं छप्पर घातलं आणि निघाले. मग ज्यांना ठाऊक होतं ते गेले आणि ज्यांना ठाऊक नव्हतं त्या आम्हाला वाटलं, ही माती थेंब उतरू देत नाही म्हणजे खाली पाणी नाही. वरचा थेंब खाली जात नाही, याचा अर्थ खालचा वर उडूनही जात नाही, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

८ मे

काल पारावर बोललो. इतकं चांगलं मी कधीच बोललो नव्हतो. सगळा गाव येईल, याची खात्री झाली.

आणि आज खरोखर सगळा गाव बाभळीपाशी आला! घरागणिक एक माणूस, काही घरांतून दोन. भाषणाची ताकद ही असते. उमा मात्र काल दिवसभर घरी नव्हती, गल्लोगल्ली हिंडत होती. विचारलं तर म्हणाली, "बायांना माझी मातीची जागा दावायची होती." जी जागा चार वर्षं लपवली ती एका दिवसात सगळ्यांना का सांगितली, कळत नाही. आज बायका तिच्याकडे बघून हसत होत्या. रहमतबी तर नवऱ्याला सगळ्यांदेखत म्हणाली, "उमादेवीनं सांगितलंय, जो खणायला येणार न्हाई त्याच्या बायकोला तिथली माती न्हाई. आता चाळन तू धरतो का, पाशामियाँ?"

गंमत करत असावी.

हणमंतराव आले नाहीत. पण मोटेचा जाड नाडा आणि दोन सागवानी फळ्या गड्याबरोबर पाठवल्या. निरोप असा : "चंद्रप्पा आत पडला तर वर काढायला." मला टोचल्याशिवाय या माणसाला चैन नाही.

११ मे

आज आडावरचं माळवद काढलं.

माती काढायचं काम पाशामियाँनं एकट्यानं केलं. फळ्यांवर पालथं पडून, कमरेला तो नाडा बांधून, हातानं, जशी बाळाच्या अंगावरची वाकळ काढावी तशी. दुसरं टोक आम्ही सगळ्यांनी धरलं. मी अगदी मागे होतो. पुढे बघितलं तर नाड्याला सर्वांत पुढे हणमंतराव! कधी आले, कळलं नाही. धोतर खोचलेलं, दात आवळलेले.

मातीखाली पाला, पाल्याचा काळा भुगा. त्याखाली फळ्या. फळ्यांखाली तुळया, सागाच्या. एक तुळई कुजली होती, बाकीच्या घट्ट. पाशामियाँनं एक फळी उचलली आणि आतून गार हवा आली. वैशाखात!  त्यानं खडा टाकला.

आम्ही वाट पाहिली.

डुबुक्‌.

मला वाटलं मीच ऐकलं. पण दानम्मा खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मग सगळे ओरडले. कोण कुणाच्या गळ्यात पडत होतं, पत्ता नव्हता. हणमंतरावांनी मला इतकं घट्ट धरलं की श्वास कोंडला. कानाशी म्हणाले, "बोल आता किती बोलायचं ते, सुटला आमचा जीव!"

आणि मला बोलायला एक शब्द सापडला नाही.

१३ मे

आत कंदील सोडून पाहिला, विझला नाही. मग पाशामियाँ उतरला. दगडी बांधकाम शाबूत आहे, खाली खडकातून झरा आहे, पाणी छातीपर्यंत. काल दिवसभर उपसून गाळ काढला, तरी आज सकाळी पाणी पुन्हा तेवढंच. शिरूरहून आरोग्यसेवक येऊन औषध टाकून गेला. उद्यापर्यंत थांबा म्हणाला.

पहिली घागर कुणी काढायची यावरून दुपारी पारावर बाचाबाची. रीत म्हणजे सवाष्णीनं काढायची, ओटी भरायची. हणमंतरावांच्या घरचं नाव निघालं. मी उठायच्या आतच उमा बोलली, पारावर, सगळ्या पुरुषांत :

"दानम्मा काढंल."

कुणीतरी पुटपुटलं, पांढऱ्या पायाची.

उमा म्हणाली, "हाव, पांढऱ्या पायाचीच पाहिजे. पाय पांढरीवरच ठिवायचाय न्हवं? ती म्हनली झाकला, म्हनून ह्यांनी शोधलं. तिच्या सासूनं राखलेला शब्द हाय तो. आन्‌ ज्याला अपशकुन वाटतो त्यानं पानी पिऊ नगा. आमाला तेवढंच जास्ती."

सगळ्यांत आधी हणमंतरावांची बायको हसली. ठरलं.

१४ मे

दानम्मानं घागर सोडली. घागर काठोकाठ आली, एक थेंब सांडला नाही. तिनं चूळ भरली, मग घोटभर प्याली आणि म्हणाली, "गोड हाय." एवढंच.

हैदराबादेला निघालेले दोघं उदगीरच्या स्टँडवरूनच परत आले. बातमी त्यांच्याआधी तिथे पोचली होती.

१५ मे

आज आखिती, बसव जयंती. ज्या मुहूर्तावर गाव दोन ठिकाणी फुटणार होतं तो मुहूर्त. सकाळीच हणमंतरावांच्या तीन बैलगाड्या रस्त्याकडून आल्या, पायाला आणलेले घडीव दगड भरून. मी गाड्यांमागे निघालो. गाड्या ओढा ओलांडून जुन्या पांढरीवर थांबल्या.

"मुहूर्त वाया कशाला घालायचा?" हणमंतराव म्हणाले. "आडाला कठडा बांधू. पाशामियाँ, दोरी धर."

दुपारपर्यंत कठडा गुडघ्याएवढा झाला. पण त्याच वेळी दुसरंही दिसलं. आडाच्या एका अंगाला वरच्या गल्लीच्या घागरी, दुसऱ्या अंगाला पाशामियाँच्या गल्लीच्या, आणि बौद्धवाड्यातल्या बाया लांब उभ्या, कुणी पाणी वाढेल म्हणून. पाणी भरायला लागून एक दिवस झाला नाही तर गाव आडाभोवतीच फुटायला लागलं!

मी कठड्यावर चढलो. हणमंतराव म्हणाले, "चंद्रप्पा, बोल." भर सभेत कुणी मला बोल म्हणण्याची ही पहिलीच वेळ. जे बोललो ते आधी ठरवलं नव्हतं, तिथेच उभ्या उभ्या सुचलं. कुठून सुचलं, देव जाणे. शेवट तेवढा उतरवतो.

"मुगळवाडीच्या लोकांनो! तुम्ही म्हणाल, आता पाणी मिळालं, गाव वाचलं. मी म्हणतो, अजून नाही. या टेकाडाची माती पांढरी झाली ती एका घराच्या राखेनं नव्हे. इथे पाटलाची चूल होती, गवंड्याची होती, गावकुसाबाहेरची होती. सगळ्यांची राख एकत्र झाली तेव्हा या मातीला रंग आला. कोणती चिमूट कुणाच्या चुलीची, ते आज कुणी निवडून दाखवावं! आणि या आडावर ज्यांनी छप्पर घातलं त्यांनी ते कुणासाठी राखलं? गल्ली सांगून राखलं का? म्हणून आज मी टाळ्या मागत नाही, वर्गणी मागत नाही. एकच गोष्ट मागतो. उद्या दिवस उगवताच घरटी एक घागर घेऊन इथे या. एकाच रांगेत, आल्या क्रमानं पाणी भरा. आणि ती पहिली घागर आपल्या दारात नेऊ नका. हणमंतरावांनी पाशामियाँच्या घरी न्यावी. पाशामियाँनं बौद्धवाड्यात न्यावी. बौद्धवाड्यानं माझ्या घरी आणावी, मी दार उघडं ठेवून उभा आहे. उद्याची पहिली घागर दुसऱ्या गल्लीतल्या रांजणात ओता!"